इब्राहिमभाईंचा आकडा

अनिलला, माझ्या नवऱ्याला, हे ठाऊक नाही. सव्वीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय, माझ्या कुठल्या दाढेत सिमेंट भरलंय तेही त्याला माहीत आहे — पण हे नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं ऑफिस होतं. कंपनीकडे शहराच्या सफाईचं कंत्राट — बलदियाचं, म्हणजे नगरपालिकेचं. रस्ते झाडणारे, कचऱ्याच्या गाड्यांवरचे, बागांना पाणी घालणारे, अशी साडेतीनशे माणसं. मी पेरोलला होते. कुणाचा पगार किती, कुणाची रजा किती, कुणाची सर्व्हिस किती वर्षांची — सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये आणि बरंचसं माझ्या डोक्यात.

आणि तरी ती माणसं मला ओळखायची नाहीत. ओळखायची ती इब्राहिमभाईंना.

इब्राहिम मुकादम. दापोलीकडचे. फोरमन. पन्नाशीला आलेले, किडकिडीत, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. हिंदी, बंगाली, अरबी आणि कामापुरती पश्तो बोलायचे. कुणाच्या बापाचं ऑपरेशन आहे, कुणाची बायको रुसून माहेरी गेलीय, सगळं त्यांना माहीत. ते यार्डात आले की माणसं आपोआप त्यांच्याभोवती गोळा व्हायची. मी यार्डात गेले की माणसं बाजूला व्हायची — आदरानं, हो, पण बाजूला.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून जळायचं? मीही स्वतःला हेच म्हणायचे.

एकदा माझ्या लक्षात आलं, की दोन वर्षं कामगारांच्या रजेच्या पगारात चूक होतेय. मी शोधली. मी तीन पत्रं लिहिली, मी जीएम नबीलसाहेबांशी वाद घातला, आणि पैसे मिळाले. त्या दिवशी यार्डात माणसांनी इब्राहिमभाईंना मिठ्या मारल्या. मिठाईचा डबा आणला. ते म्हणत राहिले, "अरे मैंने कुछ नहीं किया, मॅडम ने किया." आणि तो डबा घेऊन स्वतः माझ्या टेबलापाशी आले. समजतंय ना? श्रेयसुद्धा त्यांनीच मला आणून दिलं. मी थँक यू म्हणाले, आणि ते गेल्यावर डबा प्यूनला देऊन टाकला.

आणि सई. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "जेवतेस का गं?" — "आय ॲम नॉट हंग्री, मम्मा." शुक्रवारी कधीतरी इब्राहिमभाई सुरमई घेऊन यायचे, दारातूनच हाक मारायचे, आणि ही पोरगी धावत जायची. "काका, काय आनलास?" त्यांच्या दापोलीच्या बोलीत! आठ वर्षं मी घरात मराठी मराठी करत डोकं फोडलं, आणि हा माणूस महिन्यातून एकदा येऊन तिच्या तोंडी भाषा ठेवून जायचा. अनिल हसायचा. मी मासे धुवायला आत निघून जायचे.

मग मंदी आली. दुबईत क्रेन थांबल्या. अनिल एका बिल्डरकडे क्वांटिटी सर्व्हेयर होता. दोन हजार नऊ उजाडलं आणि त्याची नोकरी गेली. नव्या करारात बलदियानं आमच्या कंपनीचे दर कमी केले. नबीलसाहेबांनी नोटीस काढली. ईदचा बोनस बंद. मूळ पगारात दीडशे दिरहमची कपात — म्हणजे दोन हजार रुपये; आणि पगार होता सहाशे दिरहम, आठ हजार रुपये. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. सगळ्यांनी नव्या करारावर सह्या करायच्या, म्हणजे जुनी सर्व्हिस संपली. ग्रॅच्युइटी वर्षांवर वाढते. पेन्शन कुणाला नाही, घरी जाताना हातात पडते ती एवढीच रक्कम. तिचे निम्मे पैसे देऊ, आणि पुन्हा शून्यापासून सुरू.

ऑफिस स्टाफला हे लागू नव्हतं. माझी सर्व्हिस शाबूत होती.

संपाची तिकडे सोय नाही. संप केला की दोन दिवसांत विमानात. म्हणून माणसांनी इब्राहिमभाईंना पुढे केलं — तुम्ही बोला. आणि ते शुक्रवारी माझ्याकडे आले. ऑफिसात नाही, घरी.

"वैनी, मला आकडे कळत नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही मांडून द्या. कशात माणूस कमी मरतो, ते सांगा."

मी मांडून दिलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर, दोन तास. खरंच सांगते, मन लावून दिलं. बोनस गेला तर काय, पगार कापला तर काय, सर्व्हिस गेली तर काय. सर्व्हिस जाणं सगळ्यात महाग होतं, विशेषतः जुन्या माणसांना. ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी काहीच सोडायचं नाही. शेवटी बोनस सोडायचा. अगदीच अडलं तर शंभर दिरहम सोडायचे. ते देऊन सर्व्हिस वाचवायची. हा आकडा कॅम्पात फक्त मला आणि शमसुलला माहीत आहे. आता तुम्हाला." शमसुल म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात जुना झाडूवाला, अकरा वर्षं सर्व्हिस झालेला. "आणि लेबर ऑफिसला तक्रार करायला मी त्यांना जाऊ देणार नाही, वैनी. कुणी पकडून पाठवलं तर त्यांच्या घरी काय सांगू?"

जाताना सईच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

इथपर्यंत मी वाईट वागले नव्हते. मनात काय होतं ते सोडा. हातून काही झालं नव्हतं.

रविवारी सकाळी नबीलसाहेबांनी मला फाइली घेऊन बोलावलं. उद्या इब्राहिमबरोबर बैठक होती. ते वैतागलेले होते. फाइली चाळल्याही नाहीत. म्हणाले, ही तुझी आकड्यांची टेबलं ठीक आहेत, पण टेबलांनी माणसं कळत नाहीत. या कंपनीत माणसं कळतात ती फक्त इब्राहिमला. उद्या तो माझ्या बाजूला असता, तर मला कुणाचीच गरज नव्हती.

कुणाचीच.

मला त्यांनी काहीही विचारलं नव्हतं, हे लक्षात घ्या. धमकी नव्हती, आमिष नव्हतं. मी उठून बाहेर येऊ शकत होते. मी म्हणाले, "सर, मला माहीत आहे ते कुठवर येतील."

आणि सांगितलं. बोनस सोडतील. शंभर दिरहम सोडतील. त्यांना फक्त सर्व्हिस हवी आहे. साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ते पाहणं मला इतकं आवडलं, की मी आणखी एक वाक्य बोलले — "आणि ते लेबर ऑफिसला जाणार नाहीत. इब्राहिमच जाऊ देणार नाही."

"हबीबती," ते म्हणाले, अरबीत लाडक्या माणसाला म्हणतात तसं, "तू इतके दिवस कुठे होतीस?"

त्या दिवशी मी घरी जाताना गाणं गुणगुणत होते. हे मला आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

बैठकीत मी टिपणं घ्यायला बसले होते. समोर इब्राहिमभाई, शेजारी शमसुल, धुतलेला युनिफॉर्म घालून. इब्राहिमभाईंनी कागद उघडायच्या आधीच साहेब म्हणाले, मी उदार माणूस आहे, दीडशे नाही, शंभरच कापू. बोनस नाही. हे दोन मुद्दे तुम्हाला मान्य आहेत, खलास. आता सर्व्हिसचं बोलू — ती मी देणार नाही. तुम्ही त्याच्या बदल्यात काय देता?

इब्राहिमभाईंच्या हातात द्यायला काही उरलंच नव्हतं. जे द्यायचं ते बोलणं सुरू व्हायच्या आधीच घेतलं गेलं होतं. ते तासभर बोलले, विनवण्याही केल्या. मी टिपणं घेत राहिले, सुवाच्य अक्षरात.

दोन दिवसांनी यार्डात सह्यांचं टेबल लागलं. सह्या घ्यायला मीच. ज्यांना सही येत नव्हती त्यांच्यासाठी शाईचं पॅड. शमसुल रांगेत होता. तो टेबलापाशी आला, पण माझ्याकडे न बघता बाजूला उभ्या इब्राहिमभाईंकडे वळला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भाईजान, सौ की बात दो आदमी को मालूम थी. मैंने तो किसी को नहीं बोला."

इब्राहिमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणच. त्या नजरेत राग नव्हता — प्रश्नही नव्हता, उत्तर त्यांना मिळालं होतं. मी पुढच्या कागदावर शिक्का मारला.

ते म्हणाले, "मेरी गलती है, शमसुल."

एवढंच. "मॅडमला माहीत होतं" — हे तीन शब्द बोलले असते तर सुटले असते. माणसांनी त्यांच्यावरच विश्वास ठेवला असता. शमसुल जमिनीवर थुंकला आणि त्यानं अंगठा दिला.

संध्याकाळी ऑफिस सुटताना ते माझ्या टेबलापाशी आले. खुर्चीवर बसले नाहीत. "मॅडम," म्हणाले. मला नेहमी वैनी म्हणणारा माणूस. "अनिलभाऊंना काम लागेपर्यंत तुमची नोकरी टिकली पाहिजे. मी तुमचं नाव कुठं काढणार नाही. तुम्ही पण काढू नका."

तुम्हाला वाटेल, तेव्हा मला लाज वाटली. नंतर वाटली, पुष्कळ वाटली. पण पहिल्यांदा जे वाटलं ते खरं सांगायचं तर — मला पुन्हा हेवाच वाटला. या माणसानं इथंही मला हरवलं, असं वाटलं. इतकं चांगलं वागणं मला कधी जमणार नाही, आणि त्यांना ते एवढ्या सहज जमतं, दोन पेनं खिशात घालून, घरी जायच्या घाईत.

अनिलची नोकरी गेली होती म्हणून मी तसं केलं — हे कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःपुरतं वापरलं. चांगलं कारण आहे. फक्त त्या रविवारी सकाळी ते माझ्या मनात नव्हतं.

इब्राहिमभाई सहा महिन्यांत कंपनी सोडून रुवैसला गेले, कुठल्याशा रिफायनरीच्या कॅम्पात स्टोअर सांभाळायला. सई विचारायची, काका का येत नाहीत. मी म्हणायचे, लांब गेलेत. पुढे तिनं विचारणंही सोडलं, आणि मराठी बोलणंही. मी एचआर मॅनेजर झाले. केबिन मिळाली.

तीन वर्षांनी शमसुल कायमचा घरी निघाला. त्याचा हिशोब मी काढला. चौदा वर्षं झाडू मारून त्याच्या हातात पडली ती तीन वर्षांची ग्रॅच्युइटी. आधीच्या अकरा वर्षांचे निम्मे पैसे केव्हाच संपले होते. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, आपने तो हमेशा ठीक किया. इब्राहिम ने खा लिया." दार बंद होतं. खोलीत आम्ही दोघंच. अनिलला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. मी म्हणाले, "इधर साइन करो, शमसुल."

आणि आतून बरं वाटलं. हो — तेव्हाही. इतक्या वर्षांनी एक माणूस मला त्यांच्यापेक्षा चांगलं म्हणाला होता.

पुढचं मला आमच्या एका ड्रायव्हरकडून कळलं. तो इब्राहिमभाईंच्याच गावचा. त्यांच्या गावच्या लोकांची तिकडे जमात असते. सगळे दरमहा थोडे थोडे पैसे काढून गावच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी पाठवतात. ती पेटी वीस वर्षं इब्राहिमभाईंकडे होती. ती काढून घेतली. कामगारांचं खाणाऱ्याच्या हाती जमातीचा पैसा कसा ठेवायचा? त्यांनी किल्ली दिली आणि काही बोलले नाहीत म्हणे. आता ते गावीच असतात. ड्रायव्हर म्हणाला, नमाजाला जातात, पण मागच्या रांगेत उभे राहतात.

मी दोन हजार एकोणीसला निवृत्त होऊन चिंचवडला आले. माझी ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली. सगळ्या वर्षांची.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. जमातीच्या सेक्रेटरीचाही आहे. ड्रायव्हरनं दिला, मी मागितला म्हणून. दोन्ही नंबर मी कधी लावलेले नाहीत. शंभर दिरहमचा आकडा साहेबांना मी सांगितला, इब्राहिम मुकादमांनी नाही — एवढं बोलायला दहा सेकंद लागतात. ते मी इथे लिहिलं आहे, जिथे त्यांच्या गावातलं कुणीही ते वाचणार नाही. आणि ते मला लिहायच्या आधीपासून ठाऊक होतं.