माझं विमान, त्याचा हात

मी सातवीत असताना मुंबईच्या मामांनी मला प्लास्टिकचं विमान आणून दिलं. विमान म्हणजे त्याचे सुटे भाग, आपण जोडायचे. मामांनी ते जुन्या बाजारातून घेतलेलं. खोकं फाटकं होतं, आणि आधीच्या कुणीतरी एक पंख वाकडा चिकटवून नाद सोडून दिलेला. वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेसारखं झाकण तर खोक्यात नव्हतंच. मी दोन दिवस खटपट केली आणि ते ट्रंकेत टाकून दिलं.

पुन्हा बाहेर काढलं तेव्हा मी कचेरीत कारकून होतो आणि लग्नाला वर्ष झालं होतं. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. दिवाळीची सुट्टी होती. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी तो वाकडा पंख ब्लेडने सोडवत होतो. ब्लेड सारखं घसरत होतं.

"अन्ना, ब्लेड नको. फाटेल ते," भिंतीपलीकडच्या घरातला माझ्याच वयाचा माणूस म्हणाला. ते तेलुगू विणकरांचं घर. तो एका कारखान्यासाठी चादरींची नक्षी काढायचा. चौकटीच्या कागदावर बारीक ब्रशने एकेक घर भरत दिवसभर बसायचा.

"मग काय करू?"

त्याने घरातून सूत आणलं, त्याला मेण चोळलं, ते सांध्यात घातलं आणि करवतीसारखं मागेपुढे ओढायला लागला. अर्ध्या तासात पंख सुटून हातात आला. कड सरळ, कुठं टवका नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "भावजींचा हात किती हलका आहे हो!"

ते वाक्य मला लागलं. का लागलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी ते हसण्यावारी नेलं असतं.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. फटींमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरून आम्ही पॉलिश पेपरने घासली. मी घासलेल्या जागी तो बोट फिरवायचा. मग ती पुन्हा घासायचा. झाकणाचाही मार्ग त्यानेच काढला. माझ्या वडिलांच्या नवी पेठेतल्या दुकानात शर्टांची खोकी यायची, त्यांवर पारदर्शक प्लास्टिक असायचं. त्याने लाकडाचा साचा कोरला, ते प्लास्टिक शेगडीवर धरून मऊ केलं आणि साच्यावर दाबलं. चौथ्या खेपेला असं झाकण उतरलं की बघत राहावं. ते त्याने साध्या डिंकाने बसवलं.

वडिलांनी चष्मा लावून ते निरखलं. आयुष्यात त्यांनी माझ्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. "लई कसब हाय की रं ह्याच्या हातात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू काय केलास ह्यात?"

गल्लीतले लोक बघायला यायचे आणि त्यालाच विचारायचे, कसं केलंत. विमान माझं, ओटा माझा, चहा माझ्या घरचा. मी मात्र कपबशा उचलायचो.

एका रविवारी दुपारी मी त्याला खोटंच सांगितलं, "आज पाहुणे यायचेत, आज नको." घरचे झोपल्यावर दार लावून बसलो. ब्लेडने त्याचं झाकण कापून काढलं. त्याच्याच साच्यावर माझं करायला गेलो. पहिलं करपलं, दुसऱ्याला सुरकुत्या पडल्या. तिसरं बरं वाटलं म्हणून मामांनी मुंबईहून नुकत्याच पाठवलेल्या ट्यूबमधल्या गोंदाने चिकटवलं. बघता बघता गोंदाच्या वाफेने ते आतून पांढरं पडलं, मोतीबिंदूच्या डोळ्यासारखं. मी ते उपटलं, तेव्हा खालचा रंगही निघाला.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी म्हणालो, "मांजराने पाडलं."

त्याचं जुनं झाकण बाजूलाच पडलं होतं. त्याने उचललं, उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं आणि खाली ठेवलं. "बरं," म्हणाला, आणि नवं करायला, निघालेला रंग भरायला बसला. तीन संध्याकाळ बसला.

शेवटी मीच बोललो. "मांजर नव्हतं. मी कापलं."

"माहीत आहे," तो मान वर न करता म्हणाला. "पडून तुटलं तर कड अशी येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने ब्रश पाण्यात बुडवून झटकला. "अन्ना, खरं सांगू? तुमच्याकडं हे दहा-बारा वर्षं ट्रंकेत पडलं होतं, असं वहिनी म्हणाल्या ना, तेव्हा मला लई राग आला तुमचा. मला कुणी असलं दिलं असतं तर..." पुढचं त्याने गिळलं. "तुम्ही कापलं ते बघून उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, यांनाही जळतं."

आम्ही दोघंही हसलो नाही. बायको आतून चहा घेऊन आली, तो प्यायलो आणि पंखांवरचे हवाई दलाचे गोल रंगवायला लागलो. एक त्याने, एक मी. माझा किंचित लंबगोल झाला. तो त्याने सुधारला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे.

पुढं दोनेक वर्षांनी त्याला भिवंडीला काम मिळालं. सामान टेम्पोत चढत असताना विमान त्याला देऊन टाकावं असं दोनदा मनात आलं. मी आत जाऊन कपाटापर्यंत पोचलो, दार उघडलं, आणि पुन्हा लावलं. बाहेर येऊन त्याला म्हणालो, "पत्र पाठवा."