सात माफीनामे

शकुनबाई भंडाऱ्यात मागावर कोसा रेशीम विणते. तिची रिता स्वमग्न आहे. शाळेची घंटा वाजली की रिता कान दाबून किंचाळायची, बाकाखाली शिरायची. शाळा याला बेशिस्त म्हणायची, तिला घरी पाठवायची आणि आईकडून माफीनामा मागायची.

तो मी लिहून द्यायचो. जवाहरनगरच्या कारखान्यात तीस वर्षं कारकुनी केलेली, म्हणून मोहल्ल्याचे अर्ज माझ्याकडेच येतात. 'माझी मुलगी बेशिस्त वागली, पुन्हा असे होणार नाही.' खाली शकुनबाई कशीबशी सही करायची. होणार नाही म्हणे! घंटा काय वाजायची थांबणार होती?

आठव्या वेळी शाळेनं रिताचं नावच काढलं. तेव्हा कुठं मला कळलं, की अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे आणि अशा लेकराला असं काढता येत नाही. अपंग आयुक्तांकडे तक्रारही मीच लिहिली.

सुनावणीत मुख्याध्यापकांनी माझ्याच अक्षरातले सात कागद साहेबांपुढे ठेवले. "आईनं सातदा बेशिस्त कबूल केली. अपंगत्वाचा एक शब्द नाही."

खरंच नव्हता. उद्या पोरीची सोयरीक जमायला अडचण नको, म्हणून मीच तो शहाणपणानं गाळला होता.

साहेबांनी पुढची तारीख दिली. बाहेर येताच शकुनबाईनं माझा हात धरला.

"भाऊ, आणखी एक डाव माफी लिहून द्या ना. सही आता साफ येते मले."