इंजेक्शनची देवी

ओसरीवर नारळांचा ढीग, अंगणात माणसांची रांग, आणि कपाळभर कुंकू लावून खुर्चीवर बसवलेली माझी पेशंट सुमनअक्का अगदी रडकुंडीला आलेली. पाठीच्या गळवाचं ऑपरेशन झालं होतं, पण नंतरच्या ड्रेसिंगला ती आलीच नव्हती. तिच्या दिराने, भिकाभाऊंनी, मला दारातच अडवलं.

"चपला काढा मॅडम. देवी बसेल शे."

"देवी नाही, पेशंट आहे ती," मी म्हटलं. चपला मात्र काढल्या.

मी भूलतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात जळगावहून पारोळ्याच्या एका दवाखान्यात एस.टी.ने जायची. भूल म्हणजे गाढ झोप, असं लोकांना वाटतं. केटामाइनचं तसं नाही. दुखत काही नाही, डोळे कधीकधी उघडेच असतात, पण माणूस जागेवर नसतो. कोणी उडतं, कोणाला भिंती वितळताना दिसतात. उतरताना काहीजण बडबडतात. लहान दवाखान्यांत भुलीचं मशीन नसायचं, त्यामुळे आमची सगळी भिस्त याच औषधावर.

भूल उतरताना सुमनअक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली होती, "बठ्ठं मनंच शे," म्हणजे सगळं माझंच आहे. डोळे भिरभिरत होते, नातेवाईक दारात उभे. झालं! अंगात देवी आल्याची बातमी पेशंटच्या आधी गावात पोचली. देवीच्या अंगाला कात्री लागता कामा नये, असं भिकाभाऊंनी ठरवून टाकलं.

सर्जन हात धुता धुता म्हणाले होते, "इंजेक्शन तुमचं, म्हणजे देवीही तुमची. तुम्हीच जा."

"आणि जखम?"

"जखम माझी. पण पेशंट आली तर ना!"

अक्काने माझा हात धरला. तिचा हात तापाने भाजत होता. पू पुन्हा साठला तर विष रक्तात पसरतं, आणि तिथे आमचं काही चालत नाही.

"बाई, माले देवी नही व्हवानं," ती कुजबुजली. "पाठ ठणकस."

माझं डोकंच फिरलं. तोंड उघडणार, तेवढ्यात रांगेत नाना दिसले, हातात नारळ. त्यांचं मनगट बसवताना मीच भूल दिली होती.

"नाना, माझ्या इंजेक्शनने तुम्हाला काय दिसलं होतं? मी सांगू, की तुम्ही सांगता?"

नानांनी टोपी सारखी केली. "जाऊ द्या ना बाई."

"सांगा."

"मी म्हैसवर बसीसन आभायमा गऊ." मग हळूच, "म्हैस गाणं म्हणे."

रांग खो खो हसत सुटली.

"भिकाभाऊ, नानांनाही खुर्ची आणा," मी म्हटलं. "औषध तेच, डॉक्टरही तीच."

अक्काही पदरात तोंड लपवून हसत होती. देवीला हसताना पाहून रांग पांगायला लागली. नानांनी आपला नारळ काखेत मारला आणि निघाले. भिकाभाऊ बाजूला झाले.

आत नेऊन मी जखम साफ केली. पट्टी बांधून होते तोच अक्का रडायला लागली.

"म्हणजे ते बठ्ठं खोटं व्हतं, बाई?"

"काय दिसलं होतं?"

कापसाचं वावर दिसलं, ती सांगू लागली. ती आणि वावर वेगळे नव्हतेच. शेजारी तिची जाऊ, वच्छला. दोघींचं अंगण एक, पण वर्षानुवर्षं अबोला. "राग कोठेच नही व्हता, बाई."

मेंदू, रसायनं, सगळं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण तिच्याकडे बघून ते सांगवेना.

"वावर औषधाने दाखवलं," मी म्हटलं. "औषध तर कधीच उतरलं. आता राग आहे का?"

तिने डोळे पुसले. "नही," म्हणाली.

"मग ते तुमचं, अक्का. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

पुढच्या ड्रेसिंगला ती वेळेवर आली. सोबत एक किडकिडीत बाई होती, तिने अक्काचा पदर अलगद बाजूला धरला.

"ही कोण?" सर्जनांनी विचारलं.

"वच्छला, मनी जाऊ. पाठ माले दिखत नही, तिले दिखस."

तेव्हापासून केटामाइन देण्याआधी मी पेशंटला आणि नातेवाइकांना सांगते, काही दिसेल, घाबरू नका. आणि उतरल्यावर जवळ बसून विचारते, काय दिसलं? सर्जन घड्याळ बघतात. बघू देत.