कोनाड्याला पाठ

"प्लीज, हिअर," म्हणत जपानी मावशी दोन्ही तळवे एका जागेकडे वळवायच्या आणि आपण तिथं टेकेपर्यंत तसेच धरून ठेवायच्या. सिंगापुरात टॅम्पिनीसला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये या जपानी बाई राहायच्या. नवरा इथलाच होता. तो गेल्यावर एकट्याच. आम्ही त्यांना जपानी मावशी म्हणायचो.

त्यांची एक खोली तुम्ही पाहायला हवी होती. बाहेरून चारचौघांसारखा सरकारी फ्लॅट, आत मात्र कागदाचं सरकतं दार आणि जमीनभर लव्हाळ्याच्या जाड चटया, म्हणजे तातामी. खुर्ची नाही, पलंग नाही. एका भिंतीत उंच कोनाडा, त्यात टांगलेलं लांबट चित्र आणि खाली एकच फूल. इथल्या दमट हवेत चटयांना बुरशी धरायची, म्हणून मावशी त्या रोज कोरड्या फडक्यानं पुसायच्या. चपला-बूट तर त्यांच्यावर कधीच चालायचे नाहीत.

माझी आई पुण्याहून राहायला आली, तेव्हा मावशींनी आम्हाला चहाला बोलावलं. तळवे कोनाड्यापुढच्या जागेकडे वळले. आई बसली आणि लगेच गर्रकन कोनाड्याकडे तोंड करून फिरली. मावशींनी हळूच तिला सरळ केलं. ती पुन्हा फिरली.

"अगं, देवाकडे पाठ करून बसवतात का कुणी?" आई मला पुटपुटली.

"तो देव नाहीये, आई. मानाच्या पाहुण्याला तिथं बसवतात."

"फूल वाहिलंय, मग देव कसा नाही?"

इकडे मावशींचा चेहरा पडलेला. दिलेला मान पाहुणीनं नाकारला असंच त्यांना वाटत होतं. मी दोघींना समजावलं तेव्हा मावशी खुदकन हसल्या आणि इथल्या लकबीनं शेवटी 'लाह' जोडून म्हणाल्या, "नो गॉड. ओन्ली फ्लॉवर, लाह." आईला काही ते पटलं नाही. शेवटी ती तिरपी बसली, एक खांदा फुलाकडे, एक मावशींकडे. पुढे ती रोजच तिथं तशी बसू लागली.

भाषेचा पत्ता नसताना दोघी तासन्‌तास काय बोलायच्या कोण जाणे. उठताना एकमेकींच्या खांद्याला धरून, कण्हत आणि हसत उभ्या राहायच्या. एकदा मात्र मावशींना उठताच येईना. मला ऑफिसमधून यावं लागलं. त्यानंतर वेगळ्या राहणाऱ्या त्यांच्या मुलानं ठरवलं, मावशींना आपल्या काँडोत, म्हणजे खाजगी फ्लॅटमध्ये न्यायचं, पलंगावर झोपवायचं. त्याचं चुकत नव्हतं, तरी मला त्याचा राग आला.

"वन मॅट?" मावशींनी त्याला विचारलं. एखादी तरी चटई बरोबर यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

"मा, यू कॅनॉट गेट अप, लाह."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

सामान हलवायला दोन माणसं आली. खोली बघून दाराशीच थबकली आणि बूट काढायला वाकली. मावशी पुढे झाल्या. "नो, नो. हेवी थिंग. युवर फूट, डेंजर." दोघं एकदा चटयांकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. पाऊल काही उचलेना.

मग मावशी भिंतीला धरून बाहेर गेल्या. पायांत रस्त्यावरच्या चपला सरकवल्या आणि चटयांवरून थेट कोनाड्यापर्यंत चालत गेल्या. आईनं माझा हात घट्ट धरला. मला ते बघवेना.

"सी? शूज कॅन," मावशी वळून म्हणाल्या. तेव्हा कुठे ती माणसं बूट घालून आत आली.