लांबलेली रजा

माझं लग्न झालं तेव्हा हे नुकतेच आरमारात अधिकारी झाले होते. नाशकात आमच्या माहितीत असा दुसरा कोणी नव्हता. सासरे, म्हणजे अण्णा, शाळेत गणिताचे मास्तर. बाजारात कुणी ओळखीचं भेटलं, की बोलणं कुठूनही मुलाच्या जहाजावर आणून सोडायचे.

एका हिवाळ्यात हे रजेवर आले तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मागून "अहो" म्हटलं तर वळत नसत. समोर असलं की माझ्या ओठांकडे बघत राहायचे. एकदा मेनरोडवर मागून टांगा आला. टांगेवाला घसा फोडून ओरडत होता, तरी हे आपले रस्त्याच्या मधोमध. मी दंड धरून ओढलं. घरी आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"तोफांच्या सरावात कान गेलेत," म्हणाले. "डावा पूर्णच. उजव्यानं थोडं येतं. अण्णांना सांगू नकोस."

"आणि जहाजावर?"

"हुकूम ठरलेले असतात. ओठ हलले की कळतात. अंधारात पंचाईत होते."

मी अण्णांना सांगितलं नाही. रजा संपली, हे गेले.

पावसाळ्याच्या तोंडाशी ट्रंक घेऊन परत आले ते कायमचेच. दाट धुक्यात ह्यांचा पहारा होता आणि जवळ आलेल्या बोटीचा भोंगा ह्यांना ऐकूच आला नाही. टक्कर थोडक्यात टळली. मग डॉक्टरांनी कान तपासले आणि नोकरी संपली.

सासऱ्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना म्हणाले, "मुलगा रजेवर आलाय." गणपती झाले, दिवाळी झाली, तरी घरात कुणाची त्यांना टोकायची छाती नव्हती.

कार्तिकात बापलेक गोदेच्या गंगाघाटावर आंघोळीला गेले होते. मी खालच्या पायरीवर धुणं धूत होते. सासऱ्यांच्या शाळेतले एक मास्तर हसत ह्यांच्यासमोर आले. "काय हो, सरकारची रजा भलतीच लांबली?"

ह्यांनी ओठ वाचले. "रजा नाही, मास्तर. मी बहिरा झालोय. मला काढून टाकलंय."

आपला आवाज किती चढलाय हे ह्यांना कळत नसे. सगळा घाट वळून बघायला लागला. सासरे तसेच ओल्या धोतरानं घराकडे चालू लागले.

त्या दिवसापासून त्यांनी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. ते ह्यांच्या ध्यानात यायलाच बरेच दिवस गेले. कुणी सांगितलं नाही, आणि तोवर उजवा कानही गेला होता, ऐकू तर कुणाचंच येत नव्हतं. कळलं तेव्हा हे जेवता जेवता थांबले, एवढंच.

पुढे ह्यांना एका कचेरीत नकाशे काढायचं काम मिळालं. समुद्राबद्दल घरात कधी बोलले नाहीत.

सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा हे रोज संध्याकाळी त्यांचे पाय चेपत बसत. एके दिवशी सासरे काहीतरी म्हणाले. तोंड भिंतीकडे होतं. ह्यांना बहुधा हाताखालच्या पायाची हालचाल जाणवली असावी. ह्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

"मलाही ऐकू आलं नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. पुन्हा विचारायला मी पुढे झाले, पण सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते.

हे पाय चेपत राहिले.