आबांचं हिरवं पाणी

हसनाबादला आमच्या मेंढरांच्या हौदात धरणाऱ्या शेवाळावर मी जालन्याच्या कॉलेजात संशोधन करत होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्याच्या पेशींमधून साखरेच्याच जातीचा, पण गोड नसलेला पदार्थ काढायचा आणि शरीराची झीज रोखायला तो किती कामाचा आहे ते तपासायचं. वडिलांना, म्हणजे आबांना, हे सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. "जिंदगी हौद घासण्यात गेली, अन् पोरगी म्हन्ती, शेवाळ पाळा!"

पाळलं मात्र त्यांनीच. मेंढरं विकली, हौद कोरडा पडला, तेव्हा शेवाळ अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये आलं. मी दिलेलं खत टाकून आबा ते बाभळीच्या काठीनं सकाळ-संध्याकाळ ढवळत. तळाचा गाळ ताटात सुकवून माझ्याकडे पाठवत.

आबा अचानक गेले. आमच्यात सुतक फिटलं की घरातलं साठवलेलं पाणी ओतून देतात. आत्यानं माठ ओतला, रांजण ओतला आणि ड्रमही आडवा केला. मी ओट्यावर बसून बघत होते.

कॉलेजात परतले तर तिथल्या बाटल्यांतलं शेवाळही वाळून गेलेलं. आबांनी पाठवलेली शेवटची पुडी तेवढी उरली होती. ती गरम पाण्यात शिजवली, गाळली, वरून अल्कोहोल ओतलं. पांढरे धागे तरंगू लागले. ते धुऊन, विरघळवून जांभळ्या द्रावणात घातले, तसा जांभळा रंग उतरून पिवळा झाला. म्हणजे झीज रोखायचा गुण त्यात होता, जमलं होतं. सर खूश झाले. "आता हेच पुन्हा करून दाखवा," म्हणाले. मी हो म्हटलं आणि भांडी धुतली. मला काही म्हणता काही वाटत नव्हतं.

शनिवारी घरी गेले, तर आई ड्रम ढवळत होती. आत नुसतं नितळ पाणी.

"हे काय करून राह्यली, आई?"

"त्यांच्या काठीला थोडं हिरवं चिकटून होतं. मंग म्हनलं, नव्या पान्यात धरंल. रोज ढवळते, पन अजून काईच दिसंना. तुझं काम अडलं असंल ना?"

मी काठी हातात घेतली. आबांची मूठ असायची तिथं लाकूड गुळगुळीत झालं होतं. इतक्या दिवसांनी मला रडू फुटलं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रड," ती म्हणाली, "पन ढवळायचं थांबू नको."