फळीच्या बाजूला झुकलेला ढीग

बोटाएवढ्या चार मालडब्यांत मीठ भरायला मला तीन आठवडे लागले आणि एका शहाण्यानं पाच मिनिटांत त्याची माती केली. अजून आठवलं की डोकं फिरतं.

न्हावा शेव्याच्या रेल्वे यार्डात माझी सगळी नोकरी झाली. छोट्या मॉडेल रेल्वेगाड्यांत भरायचा माल बनवणं हा माझा नाद. इथल्या एका गोदाम कंपनीच्या साहेबाला पाहुण्यांच्या हॉलमध्ये असं मॉडेल हवं होतं: आजची गाडी कंटेनरची, जुनी गाडी मिठाची. कंटेनर काय, डाव्या हातचं काम. मीठ मात्र मी हौसेनं खरंच भरलं. मिठागरवाल्याच्या घरात जन्मून खोटं मीठ कशाला, ही मस्ती! आठ दिवसांत त्याला पाणी सुटलं आणि चाकं गंजली. मग थर्माकोल तासला, गोंद लावला, वर संगमरवराची भुकटी चाळली. पांढरेशुभ्र ढीग घेऊन आईला दाखवायला गेलो.

"मीठ हाय का ह्यं?" आई म्हणाली. "रांगोली हाय ती."

आईनं तरुणपणी मिठागरावर पाट्या वाहिल्या. तिनं डब्याच्या कडेवर बोट ठेवून सांगितलं, की मालडब्याला चढायची फळी एकाच बाजूला लावलेली असायची. बायका डोक्यावर पाटी घेऊन फळीवर चढायच्या आणि तिथूनच ओतायच्या. त्यामुळे ढीग फळीकडे उंच, पलीकडचा कोपरा खाली. तळाकडचं मीठ चिखलानं करडं. "सारखा करायला येल कुनाला व्हता? मुकादम वरडायचा," ती म्हणाली.

मी चारही ढीग मोडले आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे पुन्हा केले. ते मिठागर भरावाखाली गेलं. त्या बायकांचा एकही फोटो कुणाकडे नाही. माझ्या आईची मान ज्या ओझ्यानं कायमची आखडली, ते कुठे दिसणार असेल तर त्या चार डब्यांतच. मॉडेल साहेबाकडे पोचवलं आणि हॉलच्या उद्घाटनाला तुला नेतो, असं मी तिला कबूल केलं.

ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मी मॉडेलजवळ गेलो आणि पाहतच राहिलो. ढीग घासून सपाट केलेले, वर पांढरा स्प्रे मारलेला.

"वाकडं दिसत होतं," साहेब हसत म्हणाले. "लेव्हल करून घेतलं."

"मला विचारायचं तरी!"

"अहो, मीठच तर आहे."

मीठच तर आहे! ज्यानं जन्मात पाण्याची बादली उचलून ठेवली नसेल, तो मला मीठ शिकवतो. एसीत बसून पट्टी लावून सपाट करायला काय जातं?

आई मॉडेलवर वाकली होती. "आमचं कंचं रं?"

मी बोट दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"न्हाय रं. ह्यं बायांनी भरलेलं न्हाय."

माझे ढीग पुठ्ठ्यावर बसवलेले असतात, नखानं उचलले की निघतात. मी सगळ्या पाहुण्यांसमोर चारही काढले आणि खिशात घातले.

"अहो, काय करताय? डबे रिकामे दिसतायत!" साहेब ओरडले.

"मग भरा की," मी म्हणालो. "घ्या पाटी डोक्यावर."